चौथ्या चौकटीतला फोटो

"माझ्या बायकोला कुणी पुसलं, ते मला कळलं पाहिजे," डॉ. विश्वनाथ परांजपे म्हणाले.

खासगी तपास करणाऱ्या रत्नप्रभा सोहोनींचं ऑफिस सेक्टर १७ मध्ये होतं. शेजारी त्यांचे मदतनीस श्यामसुंदरराव बसले होते, बँकेतून निवृत्त झालेले.

डॉक्टरांची सेक्टर ३४ मध्ये रक्त तपासणीची लॅब होती. दिल्लीची एक कंपनी भागीदारीला तयार होती. काल डॉक्टरांनी त्या लोकांना स्लाइड दाखवल्या. एका स्लाइडवर नमुना घेण्यापासून रिपोर्टपर्यंत सहा चौकटी होत्या, बाणांनी जोडलेल्या. प्रत्येकीत काम करणाऱ्याचा फोटो होता. चौथीत लीना, डॉक्टरांची पत्नी. तिला जाऊन चार वर्षं झाली होती.

पडद्यावर लीना नव्हती. तिच्या जागी एक चित्र होतं, हातमोजे घालून नळी धरलेले दोन हात. डॉक्टरांना पुढे बोलताच आलं नाही. पाहुणे निघून गेले.

"हे प्रणवचंच काम. लॅबचा मॅनेजर. त्याला उद्या काढतोय."

रत्नप्रभा आणि श्यामसुंदरराव लॅबमध्ये गेले.

"जुना फोटो नको, असं मी म्हणालो होतो," प्रणव म्हणाला. "पण सर ऐकेनात, मग मी तो लावला. आदल्या रात्री लॅपटॉप सर घरी घेऊन गेले होते." त्यानं मूळ स्लाइडची छापील प्रत दिली. लीना कॅमेऱ्याकडे बघून हसत होती. उघड्या हातात रक्ताची नळी, बोटाला पट्टी.

विनया तिथली जुनी टेक्निशियन. "मला कॉम्प्युटर सुरूही करता येत नाही. किती गोड हसल्यात लीनाताई. काचेनं बोट कापलं होतं, तरी रजा घेतली नाही. मग दोन-तीन महिन्यांत कावीळ झाली, त्यातच गेल्या."

डॉक्टरांची मुलगी स्वानंदी मेडिकलला शिकत होती; तीही लॅबमध्ये आली होती. "छोड़ो ना, आंटी. त्या फोटोत आईचे हात अच्छे नहीं दिख रहे थे."

"प्रणवच," बाहेर येताच श्यामसुंदरराव म्हणाले.

"राग असता तर त्यानं नुसता फोटो उडवला असता. इथं चित्र मापात बसवलंय, बाण नीट जुळवलेत. हे मायेनं केलंय."

संध्याकाळी डॉक्टरांच्या घरी रत्नप्रभा म्हणाल्या, "प्रणव निर्दोष आहे. एवढ्यावर थांबाल?"

"नाही."

"सगळे लीनाताईंच्या हसण्याबद्दल बोलले. हातांबद्दल एकटी स्वानंदी बोलली. चित्र बसवणाऱ्यालाही हातच झाकायचे होते. बोटाला जखम, हातमोजे नाहीत, समोर रक्त आणि पुढे कावीळ, जी रक्तातूनही होते. ज्यानं हे जोडलं, त्याला वैद्यक येत होतं. आणि लॅपटॉप इथंच होता."

डॉक्टर मुलीकडे वळले. "तुला कधीपासून माहीत होतं?"

"दुसऱ्या वर्षाला कावीळ शिकवली, तेव्हापासून."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही रोज तो फोटो बघायचात, बाबा. तेवढंच हसायचात. दिल्लीवाल्यांपैकी कुणी विचारलं असतं, ग्लव्हज का नाहीत, तर? सबके सामने?"

डॉक्टरांनी छापील प्रत जवळ ओढली आणि चष्मा वर करून लीनाच्या बोटावरची पट्टी पाहिली.

"कॅमेरा माझ्याच हातात होता," ते म्हणाले. "मी तिला फक्त हस म्हणालो."