मावशीच्या लग्नाची कॅसेट

मोहाडीहून भंडाऱ्याला जाणाऱ्या एसटीत माझी पिशवी शेजारच्या मुलाच्या पायावर पडली, आतली व्हिडिओ कॅसेट अर्धी बाहेर आली, आणि त्याने मला सॉरी म्हणायचीही उसंत दिली नाही.

"कॅसेट आहे ना? उन्हात काहून धरली मंग? द्या, सावलीत ठेवतो."

मी त्याच्याकडे असं काही बघितलं की दुसरा कुणी असता तर जागा बदलून बसला असता. हा हसला. गालावर खळी... ती आपण बघितलीच नाही, असं मी स्वतःला बजावलं.

नाव अंकुश. भंडाऱ्यात त्याचा फोटो स्टुडिओ, आणि जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून देणं हेच त्याचं काम. मी ज्याला शोधत निघाले होते, तोच शेजारी बसला होता.

"कोणाचं लग्न?"

"मावशीचं. पण... त्यात माही आई आहे. मी वर्षाची असतानाच गेली. तिचा आवाज मले माहीतच नाही."

त्यानंतर त्याने पिशवी स्वतःच्याच मांडीवर ठेवली.

स्टुडिओत कॅसेट उघडली आणि त्याने कपाळाला हात लावला. फीत कधीतरी तुटली होती. माझ्या बाबांनी, जन्म हातमागावर काढलेल्या माणसाने, तुटलेला धागा सांधावा तशी तिला चक्क गाठ मारून ठेवली होती.

"हे आत गेली का मशीन खतम. कापून जोडतो. दोन-तीन सेकंद जातीन, बस."

"अन् तेवढ्यातच आई बोलत असली तर?"

त्याने कात्री खाली ठेवली.

कोष्ट्याची पोर मी, गाठी सोडवतच वाढलेली. पण ही फीत जरा ओढली की ताणली जायची. तो एक टोक धरून बसला, मी नखाने हळूहळू गाठ सैल करत राहिले. बोटाला बोट लागलं की दोघंही गाठीकडे उगीच जास्त लक्ष द्यायचो.

"हात थरथरून राहिला तुमचा," तो म्हणाला.

"तुमी बघून राहिले म्हणून."

"मी तं फितीकडे बघून राहिलो."

"फीत खाली आहे."

त्याचे कान लाल झाले, आणि मला भलताच आनंद झाला.

गाठ सुटली. त्याने दोन्ही टोकं बारीक चिकटपट्टीने जोडली, फीत यंत्रात घातली. पडद्यावर मांडव आला, पंगत आली, लाजणारी मावशी आली... आणि जोडाची जागा येताच चित्र विस्कटलं. नुसत्या पांढऱ्या रेघा. माझा जीव टांगणीला लागला.

त्या रेघांमधून एक आवाज आला, अगदी स्वच्छ.

"ओ भाऊ, लाईट तिकडे करा ना. माही रुची आताच झोपली."

रुची म्हणजे मी. रुचिका.

मी ढसाढसा रडले. रडता रडता हसले.

"मी हेच कापून फेकत होतो..." अंकुशने कात्री लांब सरकवली.

मी सरळ त्याचा हात धरला. "पण नाही कापलं ना. तुमी मले आवडता."

"आधी... सेव्ह करू द्या." एक हात माऊसवर, दुसरा माझ्याच हातात. "मंग बोला. नाही... बोलतच राहा."

संध्याकाळी तो माझ्यासोबत मोहाडीला आला. बाबांनी माग थांबवला. मी आईचा आवाज लावून मोबाईल त्यांच्या कानाशी धरला.

"अशीच डाफरायची माह्यावर," ते म्हणाले, आणि डोळे पुसत दाराशी उभ्या अंकुशकडे पाहिलं. "हा कोण?"

"तुमचा जावई," मी म्हणाले. अंकुशला ठसकाच लागला.

बाबांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"मंग उभा काहून ठेवला त्याले? बसव. अन् ते पुन्हा लाव."