राखाडी की निळी

गणपती गेले, मुंबईकर परतले आणि कुडाळ सुनं सुनं झालं. आभाळ आठवडाभर उघडलं नव्हतं. अशाच एका मळकट सकाळी रसिका धनेशच्या जुन्या गाड्यांच्या दुकानात शिरली, तेव्हा अंगणात दोन गाड्या शेजारी शेजारी भिजत उभ्या होत्या – एक निळी, एक राखाडी. दोन्ही छोट्या, दोन्ही टर्बो इंजिनाच्या, दोन्ही तीन-तीन वर्षं वापरलेल्या. राखाडीच्या टपावर हात ठेवून एक उंच तरुण उभा होता.

“ही चालवून बघता येईल?” तिने विचारलं. तिला वाटलं, दुकानातलाच माणूस.

“बघा ना.”

“तुमची आहे?”

“आज तरी… आहे.”

गंधार त्याचं नाव. पिंगुळीचा. रसिका तोंडवलीची, फिजिओथेरपिस्ट. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना घरी जाऊन उठवायचं, चालवायचं, हे तिचं काम. रोजची नव्वदेक किलोमीटरची फिरती. स्कूटरवर भिजून भिजून ती कंटाळली होती. गाडी हवी होती ती रोजच्या धबडग्यासाठीच, पण मनात एक चोर होता – दिवसभर दुसऱ्यांचं कण्हणं ऐकल्यावर संध्याकाळी तरी काहीतरी सुसाट धावावं, असं तिला वाटे.

महामार्गावर तिने राखाडी तिसऱ्या गिअरमध्ये दाबली. पाठ सीटला चिकटली आणि ती खळखळून हसली.

“घेऊ नका,” शेजारून गंधार म्हणाला.

“अहो, विकायला आलात ना तुम्ही?”

“हसताना चांगल्या दिसता, म्हणून खरं सांगतो.” तो समोरच बघत होता. “हिचं सस्पेन्शन कडक आहे. वाडीवाडीतून फिराल, तर महिन्याभरात तुमच्याच कंबरेला पट्टा लागेल. निळी एवढीच पळते… पण खड्डा पोटात घालते.”

“आणि मला राखाडीच आवडली तर?”

“आवडेलच. पण रोज सोसवणार नाही.”

रसिकाचं काही ठरेना. खरं तर पहिल्याच फेरीत ठरलं होतं. पण ठरलं म्हणून सांगितलं, की फेऱ्या संपल्या! कधी तिला निळीचा क्लच हलका वाटे, कधी राखाडीचं वळण घेणं आवडे. दर वेळी गंधार बरोबर हवाच असे. धनेश वैतागला. “गो, गाडी बघतंस काय लग्नाक मुलगो?” तो म्हणाला आणि ती कानापर्यंत तापली.

चौथ्या फेरीला दोघं तोंडवलीच्या किनाऱ्यावर थांबली. सुरूच्या झाडांतून पाणी ठिबकत होतं, समुद्र गढूळ होता. रसिकाने टपरीवरून दोन चहा आणले, त्याच्या डाव्या बाजूने एक पुढे केला. तो समोरच बघत राहिला. आपण इतक्या नकोशा…? असं मनात येतं न येतं, तोच तिला शंका आली. तिने पेला हळूहळू त्याच्या डोळ्यांपुढे सरकवला. अगदी समोर आला, तेव्हा तो दचकला.

“कधीपासून?” तिने विचारलं.

त्याने पेला घेतला. मग त्याने सांगितलं. तो जहाजावर इंजिनिअर होता. तपासणीत डोळ्यांचा पडदा झिजत चालल्याचं निघालं. आधी काळोखातलं दिसेनासं होतं, मग बाजूचं. मधलं किती वर्षं टिकेल, कुठलाच डॉक्टर सांगत नव्हता. जहाज सुटलं होतं, आता गाडी.

“निळी घे नि मोकळी हो गो,” तो पहिल्यांदाच तिच्याशी मालवणीत बोलला. “माझ्यावांगडा फिरून तुझो वेळ फुकट जाता.”

त्यानंतर त्याने तिचा फोन उचलला नाही.

आठ दिवसांनी धनेशचा फोन आला. राखाडीला गोव्याचं गिऱ्हाईक मिळालं होतं. शेवटची धुवायला म्हणून गंधारने गाडी घरी मागवून घेतली होती, संध्याकाळी ती जाणार होती. निळीचं काय?

“निळी माझी,” रसिका म्हणाली, आणि स्कूटर काढून थेट पिंगुळीला निघाली.

गंधार अंगणात गाडी पुसत होता.

“चल,” ती म्हणाली. “सड्यावर जावया. थंय कोण नसता. तू चालव.”

“खुळी काय गो?”

“मी आसंय ना.”

सड्यापर्यंत तिने चालवली. वर पठारावर नजर जाईल तिथवर ओला काळा कातळ, पिवळं पडत चाललेलं गवत. माणूस नाही, गुरंही नाहीत. दोघांनी जागा बदलल्या. गंधारने स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

“उजव्या बाजूक?”

“काय नाय. मोकळा आसा.”

गाडी हळूच सरकली. दुसरा गिअर… तिसरा. इंजिन गुरगुरलं आणि त्याच्या गालांवरून पाणी ओघळू लागलं. तिने पाहिलं आणि नजर पुढच्या कातळावर ठेवली.

“डाव्या बाजूक?”

ती सीटवरच त्याच्याकडे वळून बसली.

“डाव्या बाजूक मी आसंय,” ती म्हणाली. “आजच नाय… रोज.”

गाडी थांबली. त्याने इंजिन बंद केलं आणि अख्खी मान तिच्याकडे वळवली. आता त्याला तशीच वळवावी लागे. कपाळावरची तिची ओली बट, हनुवटी, ओठ – तो एकेक निरखत राहिला.

“काय बोलतंस ता कळता तुका? उद्या समोरचाय दिसाचा नाय माका.”

“पेशंट उठतलो काय नाय, ह्या तरी माका खंय ठावक आसता? तरी रोज जातंय मी.”

“म्हणजे मी तुझो पेशंट?”

“नाय रे मेल्या!” ती रडता रडता हसली. “तू माझो माणूस.”

काचेवर सर उतरली. कातळ दिसेनासा झाला. मग त्याने चाचपत तिचा हात शोधला.

“दिसता तोपर्यंत बघतलंय तुका.”

“आणि मगे?”

“मगे… तू सांगत रव.”