सरकणारं बटण

"माझं घर तुम्ही पाडलंत?"

मी मान वर केली. दारात एक उंच, विस्कटलेला माणूस उभा. हातात कॉफीचा मग, तोही वाकडा धरलेला. या ऑफिसातली माझी पहिलीच सकाळ. अजून खुर्चीची उंचीसुद्धा नीट केली नव्हती... आणि एवढ्यात हा आरोप.

"कुठलं घर?"

"दोन खोल्या, गच्ची, जिन्याखाली कपाट. सरावाच्या प्रोजेक्टमध्ये होतं. आता नाहीये."

माझं काम खरं तर सोपं होतं. बांधकाम कंपन्यांसाठी या ऑफिसने एक टूल तयार केलं होतं. इमारत उभी राहून वर्षं उलटली, कागद सांभाळायची मुदत संपली, की तिचे नकाशे, फोटो, तपासणीचे अहवाल, सगळं एका बटणासरशी कायमचं पुसायचं. ते कसं पुसायचं, याचं मॅन्युअल मी लिहायचं; तेवढ्यापुरतीच मी इथे आले होते. आणि लिहायच्या आधी आपण स्वतः करून बघावं, ही माझी शिस्त. म्हणून सकाळी आल्या आल्या मी ते बटण दाबलं होतं.

"परत आणता येईल ना?" मी विचारलं.

"नाही."

"कुठेतरी कॉपी असेलच की."

"अहो, टूल मी लिहिलंय." चेहरा पडलेला, पण आवाजात अभिमान मावत नव्हता. "काहीच उरत नाही."

त्याला ऑफिसात सगळे खोडरबर म्हणतात, हे मला जेवणाच्या सुट्टीत कळलं.

इशारा: पुसलेला प्रकल्प परत मिळत नाही. बटण दाबण्याआधी खात्री करा.

हे मी त्याच दुपारी लिहिलं, लाल चौकटीत. खोडरबरने माझ्या खांद्यावरून वाचलं.

"जरा उशिरा सुचलं," तो म्हणाला.

पण मॅन्युअलला चित्रं लागतात. प्रत्येक पायरीला स्क्रीनचं एक चित्र. रिकामा प्रकल्प पुसून काय दाखवणार? पुसायला आधी काहीतरी हवं. तो माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसला आणि आम्ही घर बांधायला घेतलं.

"स्वयंपाकघराची खिडकी कुठे?" मी विचारलं.

"तुम्हाला कुठे हवी?"

"मला कशाला? पुसायचंच आहे ना ते."

"तरी."

"...पूर्वेला."

त्याने पूर्वेला काढली. मी चित्रं घेतली आणि सगळं पुसून टाकलं. हात झटकले. झालं.

दुसऱ्या दिवशी बघते तर बटण डावीकडे! माझ्या चित्रांत उजवीकडे, टूलमध्ये डावीकडे. सगळी चित्रं बाद.

"तांत्रिक कारण आहे," खोडरबर अगदी गंभीरपणे म्हणाला. "परत बांधावं लागेल."

परत बांधलं. या खेपेला 'किरकोळ कामे' या सदरात गच्चीवर एक बाक आला. मग बटण गोल झालं. परत बांधलं. मग त्याचा रंग बदलला. मी वरवर चिडायचे, आणि जिना मात्र दोन-दोन पायऱ्या एकदम चढून ऑफिसात यायचे.

तपासणी अहवालात त्याने लिहिलं: *घरमालकीण जिन्यात गुणगुणते. कठड्याला धोका नाही.*

मी खाली लिहिलं: *घरमालक कॉफीचा मग कुठेही ठेवतो. ओट्यावर डाग. दुरुस्ती कठीण.*

"घरमालक कोण?" त्याने विचारलं. स्क्रीनकडेच बघत.

"ज्याचा मग, तो."

पायरी ४. 'पुढे' वर दाबा. माउस दोघांनी एकदम धरल्यास —

ही ओळ मी खोडली.

"काय गं," ताई फोनवर म्हणाली, "एक मॅन्युअल लिहितेयस की ग्रंथ?"

"मी काय करू? ते बटण सारखं सरकतं."

"आपोआप?"

"तांत्रिक कारण असतं म्हणे."

"वेडे, बटणं आपोआप सरकतात होय?"

मी फोन कानाला तसाच धरून उभी राहिले. छातीत काहीतरी धडधडत जिना चढत होतं. दोन-दोन पायऱ्या एकदम.

सकाळी हसू दाबतच ऑफिसात शिरले, तर टेबलापाशी मॅडम उभ्या. टूल त्यांच्या विभागाचं, मॅन्युअलची घाईही त्यांचीच.

"संध्याकाळपर्यंत पूर्ण हवं," त्या म्हणाल्या. "नाहीतर काम दुसऱ्या कुणाला देते. आणि तुमच्याबद्दल विचारलं तर चांगलं सांगता यायचं नाही मला."

हसू विरलं. मॅन्युअल संपलं तरी मी इथून जाणार, नाही संपलं तरी जाणार. फक्त दुसऱ्या वाटेने नाव खराब करून.

मी टूल उघडलं. बटण परत उजवीकडे.

"आज काय कारण?" मी खोडरबरला विचारलं.

"तांत्रिक —"

"तुम्ही सरकवता. मुद्दाम."

त्याचे कान लाल झाले. "थोडंसंच सरकवतो."

"माझं काम जातंय त्यापायी."

कॉफीचा मग टेबलावर ठेवला गेला. पहिल्यांदाच सरळ. "हे... हे माझ्या डोक्यातच आलं नाही," तो म्हणाला. "मला वाटलं, मॅन्युअल झालं की तू जाशील." त्याने कीबोर्ड ओढला, भराभर काहीतरी टाइप केलं. "कुलूप घातलंय. आता मलाही हलवता येणार नाही."

मग आम्ही ते शेवटचं घर बांधलं. झपाट्याने, न बोलता. खिडकी, कपाट, बाक... काही विचारावं लागलं नाही. शेवटच्या चित्राआधी टूल प्रकल्पाचं नाव टाइप करायला सांगतं. त्याशिवाय पुसतच नाही. एरवी नाव असायचं 'सराव'. आज त्याने वेगळंच दिलं होतं.

मी एकेक अक्षर टाइप केलं. *आपलं घर.*

बोट बटणावर थांबलं.

"दाब," तो हळूच म्हणाला. "मला पाठ आहे ते."

"खिडकी?"

"पूर्वेला."

"बाक?"

"गच्चीवर. डावीकडे तू."

मी दाबलं. *प्रकल्प कायमचा पुसला गेला.* चित्र घेतलं.

मॅडमनी संध्याकाळी पानं चाळली. "उदाहरणाला हे काय नाव?"

"लोकांना जवळचं वाटावं म्हणून," मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मागे उभ्या खोडरबरकडे बघितलं, आणि सही केली.

तो जिन्यापर्यंत सोडायला आला. मगासकट.

"उद्यापासून मी येणार नाही," मी म्हणाले. "आता काही सरकवू नकोस."

"मग भेटायचं कसं?"

"कारण न शोधता."

त्याचा मग परत कलला होता, कॉफी अगदी काठाशी आली होती. मी तो त्याच्या हातातच सरळ केला. हात मात्र काढून घेतला नाही.