अर्धं सोललेलं लिंबू

सोलेन आणि तिबोची ओळख झाली ती भांडणानं, आणि तीही एका फूटपट्टीवरून.

पॅरिसमधलं ते संग्रहालय म्हणजे वेर्देल नवरा-बायकोची हवेली. दोघांनी पाण्यासारखा पैसा ओतून चारशे चित्रं जमवली. कुठलं चित्र कुठे टांगायचं यावर त्यांचं कधी एकमत झालं नाही म्हणे, तरी चाळीस वर्षं संसार केला. सोलेन तिथे एका लिंबाच्या चित्राची नक्कल करायला आली होती, तीन महिन्यांच्या परवान्यावर. पहिल्याच सकाळी दालनाचा राखणदार तिबो फूटपट्टी घेऊन पुढ्यात उभा!

“मादमोझेल, नक्कल मूळ चित्राएवढी चालत नाही. लहान हवी.”

“मी काय चोर वाटले तुम्हाला?”

“चोर बरे. ते लवकर निघून तरी जातात.”

तिला हसू आलं... आणि तिथेच घोटाळा झाला.

कामावर असताना चित्रकारांशी गप्पा मारायच्या नाहीत, असा राखणदारांना नियम. तिबो नियमाचा पक्का. नजरेला मात्र कुणी नियम घातला नव्हता. सोलेनचं चित्र कधीच पुरं झालं असतं; पण पुरं झालं की त्यावर संग्रहालयाचा ‘नक्कल’ असा शिक्का, आणि शिक्का बसला की रामराम. म्हणून लिंबाची सुटलेली साल ती रोज रंगवी आणि दुसऱ्या सकाळी पुसून टाकी.

शेवटच्या दिवशी, साडेपाचला संग्रहालय बंद व्हायला दहा मिनिटं असताना, तिबो शिक्का घेऊन आला. मापं घेतली. लिंबापाशी थबकला.

“ही साल... तीन आठवडे रोज पुसताय.”

“बघत होता तर!”

“बघण्याचाच पगार मिळतो.”

“लिंबाकडे?”

त्याचे कान लाल झाले. “अपुऱ्या चित्राला शिक्का बसत नाही. अर्ज केलात तर — महिनाभर मुदत वाढेल.”

तिबोच्या तोंडून हे म्हणजे प्रेमपत्रच. सोलेनला ते कळलं. तरी तिनं कुंचला उचलला आणि चार फटकाऱ्यांत साल पुरी केली. तिबोचा चेहरा पडला.

“मारा शिक्का.”

“इतकी घाई?”

“आणखी महिनाभर गप्प बसू? मला नाही जमायचं. बोलायची बंदी राखणदाराला आहे. साडेपाचनंतरच्या तिबोला नाही ना?”

तिबोनं शिक्का मारला. तो उलटा बसला, हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

“फाटकापाशी थांब,” तो म्हणाला. “पाच मिनिटांत कोट बदलून येतो.”

“तीन महिने थांबलेय,” सोलेन म्हणाली, “पाच मिनिटांचं काय!”