आचऱ्याची शेवटची फेरी

परतीच्या पावसाची एक सर आचरा तिठ्यावर नुकतीच येऊन गेली होती. एसटीतून उतरलेली किरण चहाच्या टपरीखाली शिरली आणि ओढणीनं हातातली बॅग पुसू लागली. आधी बॅग, मग स्वतःचा चेहरा!

टपरीखाली एक तरुण आधीपासूनच उभा होता. सावळा, उंच, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. त्याच्या मोटारसायकलला एक क्रेट बांधला होता आणि त्यात पाण्यानं भरलेल्या बाटल्या होत्या. एसटीतून उतरणाऱ्या प्रत्येक पुरुषाकडे तो आशेनं बघत होता... आणि दर वेळी तोंड पाडत होता.

"कोळंबीच्या लॅबला कसं जायचं हो?" तिनं विचारलं.

"लॅबला? मी तिथलाच. मंगेश तोंडवळकर." तो जरा सावरून बोलला. "थोडं थांबाल का? कोल्हापूरहून इंजिनीअर यायचेत, किरण पेडणेकर म्हणून. ते आले की रिक्षा करतो, एकदमच जाऊ."

किरण पेडणेकरनं बोलायला तोंड उघडलं... आणि मिटलं. तिला उगाचच मजा वाटली.

"थांबू की," ती म्हणाली आणि चहा सांगितला. "कसे आहेत हे इंजिनीअर?"

"बघितलेत कोणी! आठवडाभर फोन करतोय. ऑफिसातला माणूस एकच मंत्र सांगतो, बंद करून चालू करा. बंद-चालू करून बटणावरची अक्षरं पुसली गेली. हा किरणही तसलाच असणार. टाय लावून येईल, मशीनला दोन टिचक्या मारील आणि म्हणेल, नवीन घ्या."

"टाय नाही लावत मी."

"आं?"

"आणि टिचक्या मारण्याआधी केबल तपासते."

मंगेशचा कप ओठांपाशीच थांबला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या आणि ऑफिसातली मराठी कुठल्या कुठे गळून पडली. "अरे देवा... तुमी? माका वाटला किरण म्हणजे —"

"सगळ्यांकाच तसा वाटता," किरण हसू दाबत म्हणाली. "चला आता. माझ्याबद्दल आणखी काय सांगूचा रवला असात तर वाटेत सांगा."

"तुमी हयच्याच?"

"सावंतवाडीची."

त्यानं तिला रिक्षात बसवलं. सबंध वाट तो रिक्षाच्या बाजूनं मोटारसायकल चालवत होता आणि तिच्याकडे बघायचं कसोशीनं टाळत होता. त्यामुळे ती मात्र त्याच्याकडे खुशाल बघू शकली.

लॅब म्हणजे खाडीकाठच्या दोन खोल्या. कोळंबी पाळणाऱ्यांच्या संस्थेनं त्या बांधलेल्या. तळ्यांतलं पाणी इथं तपासलं जायचं. पाण्यात अमोनिया किती ते रंगावरून मोजणारं एक जुनं यंत्र होतं. त्याला स्वतःचा पडदा नव्हता, जे काही दिसायचं ते कॉम्प्युटरवर. खाऱ्या हवेनं जुना कॉम्प्युटर गंजला म्हणून कणकवलीहून नवा आणला, आणि तेव्हापासून यंत्राचा दिवा जळत होता, पंखा फिरत होता, पण कॉम्प्युटर एकच वाक्य दाखवत होता: 'यंत्र सापडत नाही.'

दारात सत्यवान बसला होता. त्याचं तळं लॅबच्या मागंच होतं.

"बाय, लवकर काय ता बघा," तो म्हणाला. "सकाळपासून कोळंबी काठाक येता. पाणी वायट झाला असला तर आजच्या भरतीक बांधाचा दार उघडून बदलूक होया. आणि रोग असला तर दार उघडूचाच नाय, नायतर शेजारची तळीपण जातली. मगे अर्धवट वाढलेलीच काढूक लागतली."

"भरती कधी?"

"दुपारी."

किरणनं बॅग उघडली. नव्या कॉम्प्युटरला जुन्या पद्धतीची नऊ पिनांची जोडणी नव्हतीच. दुकानदारानं मध्ये जोडायला एक छोटी केबल दिली होती. तिनं तिचं यंत्राकडचं टोक उपसून हातात घेतलं, फिरवून बघितलं. मग केसांतली पिन काढली. एक बट सुटून तिच्या गालावर आली.

"ह्या काय करतास?" मंगेश पुढं वाकला.

"परीक्षा. केबलच्या ह्या दोन पिना मी केसांच्या पिनेनं जोडते. आता तुम्ही काहीतरी टाइप करा. केबल चांगली असेल तर लिहिलेलं तसंच परत येईल, नसेल तर काहीच नाही."

त्यानं कीबोर्डवर बोटं ठेवली, थबकला, आणि टाइप केलं. पडद्यावर अक्षरं उमटली: किरण, इंग्रजीतून.

दोघंही पडद्याकडे बघत राहिली.

"दुसरा काय सुचूक नाय," तो पुटपुटला.

"केबल चांगली आहे," ती म्हणाली. तिचा आवाज हवा तेवढा कोरडा आला नाही.

दोष दुसरीकडेच होता. नव्या कॉम्प्युटरनं त्या केबलला सातवा क्रमांक दिला होता आणि यंत्राचा जुना प्रोग्राम चौथ्या क्रमांकापलीकडे बघतच नव्हता. किरणनं केबल परत यंत्राला लावली आणि तिचा क्रमांक बदलून दोन केला. वाक्य गेलं! सत्यवान उठून उभा राहिला... पण पडद्यावर आकड्यांऐवजी नुसती चित्रविचित्र चिन्हं पडू लागली.

"ह्या तर चिनी बोलाक लागला," सत्यवान म्हणाला आणि पुन्हा खाली बसला.

बाहेर खाडीचं पाणी चढायला लागलं होतं. किरणच्या कपाळावर घाम आला. तेवढ्यात मोबाइल वाजला. कोल्हापूरहून साहेब. "पेडणेकर, अजून तिथंच? त्या मॉडेलची नेहमीची सर्व्हिस आपण बंद करतोय. नवीन घ्या म्हणून सांगा आणि निघा. यापुढं तक्रार आली तरच आचरा."

तिनं खिडकीतून बघितलं. बाहेर मंगेश सत्यवानच्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात काही सांगत होता. नवं यंत्र घेण्याची संस्थेची ऐपत नव्हती, हे त्या खोलीतल्या तुटक्या खुर्च्याच सांगत होत्या. आणि साहेबांचं न ऐकता यंत्र नीट केलं, तर तक्रार येणार नव्हती आणि या खाडीकाठी परत येण्याचं कारणच उरणार नव्हतं. हा दुसरा विचार आपल्या मनात आलाच कसा, याचं तिला नवल वाटलं.

"साहेब, थोडंच राहिलंय," ती म्हणाली आणि फोन ठेवला. मग हाक मारली, "मंगेश! यंत्राच्या मागं काही लिहिलंय? वेगाचा आकडा असेल. यंत्र एका वेगानं बोलतंय, कॉम्प्युटर दुसऱ्या वेगानं ऐकतोय, म्हणून चिन्हं दिसतायत."

तो यंत्रामागं आडवा झाला. गंजलेल्या पट्टीवरचा आकडा बोटानं घासून त्यानं वाचला. तिनं तो भरला.

पडद्यावर स्वच्छ आकडे आले.

मंगेशनं सत्यवानच्या तळ्याचं पाणी यंत्रात ठेवलं, निकाल बघितला, पुन्हा एकदा बघितला, आणि धावतच दारात गेला. "सत्यवान, अमोनिया वाढलाहा! रोग दिसणा नाय. जा, दार उघड!"

सत्यवान चपलाही न घालता पळाला.

दुपारी काशीबाईंनी, मंगेशच्या आईनं, बाजारातून परत येताना डबा आणून दिला. तिसऱ्या शिंपल्यांचं सुकं आणि भात. पलीकडे भरतीचं पाणी खळाळत तळ्यात शिरत होतं, आणि किरण बोटं चाटत मंगेशला सगळं शिकवत होती: क्रमांक कुठं बदलायचा, वेग कुठं भरायचा, केबल एकाच जागी का लावायची. "दुसऱ्या भोकात लावलीस की त्याला नवा नंबर मिळेल आणि पुन्हा बोंब." तुम्हीवरून ती तूवर कधी आली, तिचं तिलाच कळलं नाही.

"इतक्या शिकवलंस तर मगे तुका कित्याक बोलवतलंय मी?" त्यानं विचारलं.

ती बॅग आवरत राहिली. "तेच तर," इतकंच म्हणाली.

नंतर एकदाच त्याचा फोन आला. केबलची जागा चुकली होती, पण तिनं काही सांगण्याआधी त्यानंच दुरुस्त केलं. "झाला!" तो आनंदानं ओरडला... आणि मग दोघंही उगाचच पावसाबद्दल बोलत राहिली.

दिवाळी गेली. कोल्हापूरच्या ऑफिसात रोज तक्रारी यायच्या. इचलकरंजीहून, सांगलीहून, बेळगावहून. आचऱ्याहून एकही नाही. इतकी चांगली दुरुस्ती आपण आयुष्यात केली नसेल, असं किरणला वाटे, आणि त्याचं तिला फार वाईट वाटे. त्यातच सावंतवाडीहून आईचा फोन आला. कुडाळचं स्थळ आहे, रविवारी ये.

रविवारी किरण सावंतवाडीला गेली नाही. ती आचऱ्याला उतरली. बॅगेशिवाय.

मंगेश तळ्याच्या बांधावर होता, हातांत भरलेल्या बाटल्या. तिला बघून तो जागच्या जागी खिळला.

"मी... मी तर कंप्लेंट करूक नाय."

"म्हायत आसा."

"मशीन बरा चालता."

"ताय म्हायत आसा." ती पुढं आली. वाऱ्यानं ओढणी उडत होती, ती तिनं मुठीत धरली. "एकदा तरी खोटी कंप्लेंट करूची होतीस रे."

"फोन कितींदा हातात घेतलंय..." तो चाचरला. "पण खोटा सांगून तुका बोलवलंय, आणि साहेबान तुकाच बोल लावल्यान तर? म्हणान ठेवलंय."

किरणच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि त्याच क्षणी हसूही. ती म्हणाली, "आईन माझ्यासाठी स्थळ बघल्यान हा. मी सांगलंय, थांब."

"कित्याक?"

"आधी एकाक इचारूचा आसा. इतके दिवस वाट बघलंय, पण त्येची काय तक्रारच येणा नाय. मगे मीच इलंय." तिनं मुठीतली ओढणी सोडली. "तुका... मी आवडतंय काय, मंगेश?"

मंगेश बाटल्या खाली ठेवायला गेला आणि ठेवायच्या ऐवजी सोडूनच दिल्या. एक आडवी पडली, झाकण निघालं, पाणी बांधावरून घळघळ वाहत गेलं. त्यानं तिकडे बघितलंही नाही. तिचा हात त्यानं दोन्ही हातांत धरला. मासळीचा, खाऱ्या पाण्याचा, उन्हाचा वास आला तिला.

"होय," तो म्हणाला. "तिठ्यावर चाय पितानापासून. होय गो."

"अरे, तो नमुना सांडलो!"

"सांडूंदे. खाडीत काय पाणी कमी आसा?"

मग रिकामी बाटली किरणनं उचलली, झाकण मंगेशनं शोधलं, आणि दोघं बांधावरून तळ्याच्या दुसऱ्या टोकाकडे निघाली. जवळची वाट होती, पण त्यांनी लांबची घेतली.