पहिलं तीर्थ

“चपला काढा आधी! देवाची विहीर हाय ही!”

शिवकांता एरवी मोठ्यानं बोलत नसे. पण महादेवाच्या विहिरीच्या पायरीवर चपला घालून बसलेला तो तरुण पाहिला आणि तिच्या हातातला तांब्याच हिंदकळला. तो इतका दचकला, की त्याची एक चप्पल निसटून पायऱ्यांवरून घरंगळत गेली... गेली... आणि पाण्याच्या काठाशी थांबली.

“काढली,” तो ओशाळून म्हणाला.

तिनं पदर तोंडाशी धरला. हसू काही लपलं नाही.

तो बद्रीनाथ. आष्टीकडचा. हातात काचेची बाटली. “पाणी तपासायला आलोय,” म्हणाला. सरकारी माणूस असेल, असं तिनं धरलं.

मग तो दर सोमवारी येऊ लागला – अनवाणी. दुष्काळात गाव टँकरचं पाणी प्यायचा. पिंडीला मात्र याच विहिरीचं. त्याचा अभिषेक करून, दूध-बेल घातलेलं तीर्थ घेतल्याशिवाय शिवकांता घास खात नसे. ती बद्रीनाथलाही पळीभर तीर्थ द्यायची. तो ओंजळ धरायचा, नजर जरा जास्तच वेळ वर ठेवायचा... आणि पाठ फिरवायचा.

एका सोमवारी तिनं पाहिलं. त्यानं ओंजळ अलगद बाटलीत रिकामी केली.

“तीर्थ... बाटलीत?”

“शिवकांता, आता खात्री पटली. तुमीबी पिऊ नका हे.”

“कावून?”

“वरच्या अंगाला सहकारी कारखाना हाय ना, त्याच्या मळीच्या पाण्याचा खड्डा पाझरतोय. तुमच्या विहिरीत. दुधा-बेलाच्या वासात कळत न्हाई, एवढंच.”

तिचा हात गळ्याशी गेला. रोजची ती जळजळ... ती तर उपासाची समजत होती!

“तुमाला काय ठाव कारखान्यातलं?”

तो खाली बघत म्हणाला, “मी तिथंच हाय. प्रयोगशाळेत.”

हा धक्का आधीच्याहून मोठा होता. “आन् मला सांगितलं न्हाई?”

“तुमच्या पोटात जातं तेच तपासायचं हुतं. सांगितलं असतं, तर तीर्थ दिलं असतं?”

“न्हाई!”

“मंग...?”

ती रागानं बघत राहिली. राग नीट येईना.

“चेअरमनसाहेबांना सांगून पाह्यलं. म्हनले, ऊस कमी, पानी साफ करायचा खर्च कुठला परवडतो?”

“मंग तो खर्च गेला कुठं?”

“तुमच्या विहिरीवर. तुमच्या गळ्यावर. साखरेच्या भावात तो कुनी धरतच न्हाई.” त्यानं बाटली घट्ट धरली. “परवा शिवरात्र. सगळा गाव हे घेनार. मी देवळात उभा राहून बोलनार... नोकरी गेली तर गेली.”

“तुमी जरा थांबा,” ती हळूच म्हणाली. “तीर्थ मी देते ना.”

शिवरात्रीला देऊळ भरून गेलं. चेअरमन मोहनराव पुढं आले. शिवकांतानं पळी त्यांच्यासमोर धरली.

“काका, पहिलं तुमाला. आज दूध न्हाई, बेल न्हाई. नुसतं इहिरीचं.”

मोहनरावांच्या तळहातावर पिवळसर पाणी पडलं. त्यांनी हात ओठांपर्यंत नेला... आणि बोटं उघडली. तीर्थ फरशीवर सांडलं!

मागची माणसं टाचा उंचावून बघू लागली.

“आवो, तीर्थ सांडलं तुमी!” म्हातारी वच्छलाबाई किंचाळली.

“त्यांना ठाव हाय, त्यात काय हाय ते,” शिवकांता म्हणाली. तेवढ्यात बद्रीनाथ बाटल्या घेऊन तिच्या शेजारी येऊन उभा राहिला आणि त्यानं सगळं सांगितलं.

तिचे वडील ईश्वरप्पा – तिचे अण्णा – देवळाचे पंच, कारखान्याचे सभासद. लेकीकडं बघतच राहिले. मग वळले. “मोहनराव, खड्डा तुमचा, घाण तुमची. निस्तरायचं कारखान्यानं. आन् इहीर साफ होईस्तोवर गावाला पानीबी त्यानंच पुरवायचं.”

मोहनरावांनी मान खाली घातली. सगळ्या गावादेखत त्यांना हो म्हणावं लागलं.

दुसऱ्या दिवशी शिवकांता रिकामा तांब्या घेऊन पायरीवर बसली होती. आज पिंडीवर काय घालू?... तेवढ्यात पाटोद्याच्या रस्त्यानं सायकल आली. मागं चांगल्या पाण्याचा कॅन. चपला त्यानं लांबच काढल्या.

“कामावर न्हाई गेलात?”

“काढलं मला.”

“अगं बाई!” तिचा तांब्या खाली टेकला. “मंग आता?”

“एक व्रत धरावं म्हनतो. तुमच्यासारखं रोजचं.” तो तांब्यात पाणी ओतू लागला. “सकाळी तुमाला पानी आनून द्यायचं.”

तांब्या भरला. ती मान वर करीना.

“आन्... उद्यापन कधी?”

“त्याला उद्यापन न्हाई.”

तिनं तांब्या उचलला. देवळाच्या उंबऱ्याशी थांबली, मागं न बघताच म्हणाली –

“घरी या मंग. अण्णा पारण्याला बसलेत. त्यांना सांगा, कसलं व्रत ते.”