ठोक्याची कॅसेट

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचायची असती तर रात्रीची रचली असती. हे घडलं रविवारी, भर दुपारी, आमच्या स्वयंपाकघरातल्या जेवणाच्या टेबलापाशी. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं.

मी, माझा मोठा भाऊ आणि वहिनी. तिघंच होतो.

तिघंच... असं मी अजूनही म्हणते.

आमचा धाकटा भाऊ त्याच्या आदल्या वर्षी गेला होता. घरात त्याला ठोक्या म्हणायचे. छापखान्यात कामाला होता, आणि तिथलं यंत्र थांबलं तरी याचे पाय चालूच. जेवायला बसला की टेबलाखाली दोन्ही टाचा आपटायचा, इतक्या भराभर की पेल्यातला चमचा किणकिणायला लागायचा. जर्मनीतल्या एका बँडचं वेड होतं त्याला. पॉवर मेटल म्हणायचा. त्यात ड्रम दोन्ही पायांनी वाजवतात, घोडा उधळल्यासारखा. गाणाऱ्याचा आवाज असा चढलेला की आई विचारायची, "याला कुणी चिमटा काढतंय का रे?"

ठोक्या खदखदून हसायचा. दादा हसत नसे.

"पाय स्थिर ठेव." एवढंच म्हणायचा. रोज.

एक दिवस ठोक्या कामावर असताना दादाने त्याचे ड्रम परस्पर देऊन टाकले. कुणाला, ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. ठोक्याने रिकामा कोपरा पाहिला, बॅग भरली आणि दुसऱ्या शहरात निघून गेला. तिथेच तापाने गेला. आम्ही पोचलो तेव्हा तोंडावर चादर ओढलेली होती.

निघताना त्याने माझ्या हातात एक कॅसेट ठेवली होती. त्या बँडच्या ढीगभर गाण्यांतून निवडून निवडून भरलेली. "ताई, बाकीची नाही ऐकलीस तरी चालेल. एवढी ऐकल्याशिवाय मरू नकोस."

मी ऐकली. आधी त्याच्यासाठी, मग मला आवडायला लागली म्हणून. एका गाण्यात सगळे मिळून गायचे, फौज चालल्यासारखे. एकात नुसता पियानो. ते लागलं की, आई होती तोवर, तीसुद्धा गप्प व्हायची. आणि एक इतकं लांबलचक की भाजी चिरून, शिजून व्हायची तरी संपत नसे. प्रत्येक गाण्याआधी ठोक्याचा आवाज होता.

"ताई, आता हे. आवाज वाढव."

त्याचा आवाज जगात तेवढाच उरला होता.

कॅसेटच्या पाठीवर प्लास्टिकचे दोन बारीक तुकडे असतात. ते मोडले की तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. ठोक्याने ते स्वतः मोडून दिले होते. पण तिथल्या भोकांवर चिकटपट्टी लावली की पुन्हा भरता येतं. हे दादाला माहीत होतं.

दादा निवृत्त झाला तेव्हा निरोप समारंभासाठी माझा टेपरेकॉर्डर घेऊन गेला. मी घरी नव्हते. कॅसेट आतच होती.

त्या रविवारी तो रेकॉर्डर परत घेऊन आला. टेबलावर ठेवला आणि म्हणाला, भाषण ऐका, लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी झाकण उघडलं.

कॅसेटच्या पाठीवर चिकटपट्टी होती.

 मी विचारलं, ही कोणती कॅसेट आहे, माहीत आहे का तुला?

"माहीत आहे," दादा म्हणाला. "तो आरडाओरडा पुसला तर काय बिघडलं?"

विसरला नव्हता. चुकलाही नव्हता. आज इतकी वर्षं झाली, पण ते वाक्य मला शब्दन् शब्द आठवतं. 

त्याने बटण दाबलं.

भाषण सुरू झालं. कचेरी, शिस्त, साहेब लोक. मध्येच टाळ्या. मग दादाचा आवाज हळवा झाला. "माझा धाकटा भाऊ अकाली गेला. त्याला मी पोटच्या पोरासारखं..."

तिथे आवाज तुटला.

नुसती खरखर...

मग पेल्यातला चमचा किणकिणला.

दादाने माझ्याकडे पाहिलं. "पाय हलवू नकोस."

माझे पाय मी खुर्चीवर, पोटाशी घेतले होते.

टेबलाखाली ठोके पडत होते. आधी सावकाश. मग भरभर. मग इतके भरभर की वेगळे ऐकूच येईनात...

वहिनीने वाकून खाली पाहिलं. वर आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"अहो," ती म्हणाली, "तुमचेच पाय आहेत."

दादाने दोन्ही हातांनी गुडघे दाबून धरले. हातही वर-खाली व्हायला लागले. साठीला टेकलेला, संधिवाताने जिना चढताना कठड्याला लटकणारा माणूस. त्याच्या टाचा फरशीवर नाचत होत्या.

आणि खरखरीतून, अगदी जवळून...

"ताई, आता हे."

दादा ओरडला नाही. त्याचा आवाजच फुटेना. ओठ हलले. बंद कर, म्हणत होता. रेकॉर्डर माझ्या हाताशी होता.

"आवाज वाढव."

मी वाढवला.

ते लांबलचक गाणं होतं.

वहिनीने भिंतीतून वायर ओढून काढली. काही फरक पडला नाही. गाणं पूर्ण वाजलं, पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या किंकाळीपर्यंत, आणि दादाचे पाय एकदाही ताल चुकले नाहीत.

नंतर कितीदा तरी ती कॅसेट लावली. भाषण त्या अर्ध्या वाक्यापर्यंत येतं. पुढे काही नाही.

दादाच्या टाचा काळ्यानिळ्या पडल्या होत्या. त्या दिवसापासून तो टेबलापाशी बसत नाही, उभ्यानेच जेवतो. अधूनमधून त्याचा फोन येतो. ती कॅसेट जाळून टाक, म्हणतो. मी म्हणते, बघते.

तो बँड अजून वाजवतो म्हणे. सगळे म्हातारे झाले, आमच्यासारखे.

गेलेल्यावर राग धरू नये म्हणतात. दादा अजून आहे, म्हणून मला मोकळीक आहे. त्या दुपारी मी आवाज वाढवला याचं मला वाईट वाटत नाही. भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची.

त्या दिवशी एकच गाणं वाजलं. ठोक्याने भरलेली बाकीची गाणी अजून वाजायची आहेत.

काल दुपारी मी टेबलापाशी एकटी चहा पीत होते. पेल्यातला चमचा किणकिणला...

माझे पाय स्थिर होते.

असावेत. मी खाली वाकून पाहिलं नाही.